अकरावा रकाना

उद्देश. दोन ओळींत लिहा.
बाकीचे दहा मी बसमध्येच भरले होते:
नाव, वय सेहेचाळीस, रक्तगट, पत्ता बिबवेवाडी,
जुनी दुखणी, तिथे डावा गुडघा.

घरी मिठाच्या बरणीखाली आणखी दोन कागद आहेत.
एक गुळगुळीत, एकवीस दिवसांत दोनशे तास.
भागाकार करून पाहिला, रोजचे साडेनऊ.
श्वास घ्यायचं विसरून जाईन मी तेवढ्यात.
सोनेरी काठाचं प्रमाणपत्र, सात्त्विक जेवण, फोटोग्राफर मोफत.
दुसरा कोरेगाव पार्कातला.
त्यावरची मुलगी समुद्राकाठी डोक्यावर उभी.
पुण्यात समुद्र कुठून आणलात, विचारायला फोन केला
तर त्यांनी हप्त्यांची सोय सांगितली.

आणि हा तिसरा, शाई फिकी,
शुक्रवार पेठ, वह्यांच्या दुकानावर, लाकडी जिना.
मुदत दोन वर्षं. खाली हाताने लिहिलंय: लागली तर तीन.

खांबेटेबाई मान वर न करता म्हणाल्या,
अकरावा रिकामा असेल तर मी फी घेत नाही.
बाहेर बाक आहे.

बसले.
समोर चपलांची रांग, एकीचा अंगठा शिवलेला.
आत कुणीतरी मोजत होतं, चार, पाच,
आणि सहा यायला फार वेळ लागत होता.

आधी लिहिलं, समाजसेवा.
खोडलं. समाज काय माझ्यावाचून अडून बसलाय.
मग आरोग्य. ते तर कालव्याकाठी चालूनही मिळतं, फुकट.
मग बारीक अक्षरात:
विम्याच्या ऑफिसात वीस वर्षं झाली,
मॅडम, जरा दाखवता का, असं मला कुणी म्हटलं नाही.
हेही खोडलं.
खरं होतं, म्हणून जास्त वेळ लागला.

आता सांगतेच.
गच्चीवर आम्ही आठजणी जमायचो, सकाळी सहाला,
पाण्याच्या टाकीपलीकडे, जुन्या चादरी अंथरून.
मी रात्री मोबाईलवर पाहायचे, सकाळी शिकवायचे.
त्या मला टीचर म्हणायच्या.
मला आवडायचं.
हलासनात लोणकर वहिनींचे पाय जमिनीच्या वीतभर वर अडायचे.
मी म्हटलं, जातंय, जातंय, अजून जरा.
माझा हात त्यांच्या कमरेवर होता.
मानेतून आलेला तो आवाज काही मोठा नव्हता.
शेंग मोडावी, इतकाच.

महिनाभर पट्टा.
डबा घेऊन गेले तर म्हणाल्या,
तुमचं काय चुकलं हो, माझंच हाड जुनं.
हे वाक्य कुठे ठेवायचं ते मला अजून कळलेलं नाही.
गच्चीवर आधी सातजणी राहिलो, मग चौघी,
मग नुसती टाकी.

ऊन सरकत बाकापाशी आलं.
खाली टेम्पोतून वह्यांचे गठ्ठे उतरत होते.
उतरवणारा पोरगा गुडघ्यात वाकून उचलायचा, पाठ सरळ,
त्याला कुणी कोर्स दिला होता कोण जाणे.

लिहिलं:
हात कुठे लावायचा नाही, ते शिकायचंय.
दुसरी ओळ तशीच राहिली.

बाईंनी वाचलं. चष्मा कपाळावर चढवला.
पावतीपुस्तक काही काढलं नाही.
कुणाचं काय दुखावलंत?
मी सांगितलं. चादरींचे रंगसुद्धा सांगितले, का कुणास ठाऊक.
म्हणाल्या, सोमवारी या. सहा महिने मागे बसून नुसतं पाहायचं.
आणि त्यांनाही विचारा, येतात का.
येणार नाहीत त्या, मी म्हटलं.
येतील का ते मी विचारलं नाही. तुम्ही विचारा म्हटलं.

घरी येऊन बरणी उचलली.
दोन्ही कागदांवर मिठाचा गोल ओला डाग.
लोणकरांच्या दाराची बेल दोनदा वाजवायची असते,
एकदा वाजली तर त्या उठत नाहीत, सेल्समन समजतात.
मला हे माहीत आहे.
मी एकदा वाजवली.
उभी राहिले.
मग पुन्हा एकदा.